पान एकशे बारावरचा ट

ता. ९ नोव्हेंबर

प्रिय पिपाण्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहोत, तुझ्या वहिनीचा गुडघा सोडून. तुझ्या आत्मचरित्राची प्रुफं तपासून झाली, सोबत पाठवतोय. तुझं ऱ्हस्व-दीर्घ काही या जन्मी सुधारायचं नाही.

पुस्तक झकास झालंय. झालं, बोललो एकदाचं! सर्कशीत ट्रम्पेट वाजवलंस, सिनेमांना वाजवलंस, जॅझमध्ये तर नाव काढलंस. वर लेख असे लिहिलेस की बँडमास्तरापासून मंत्र्यापर्यंत कुणाची भीड ठेवली नाहीस. आणि मी इथे छापखान्यात लोकांच्या वेलांट्या सुधारतोय. जळतो मी तुझ्यावर. वहिनीला विचार, रेडिओवर तू लागलास की मला नेमका गळका नळ आठवतो.

पान एकशे बारा मात्र चारदा वाचलं. पहिल्या रेकॉर्डच्या दिवशी तुझा ओठ फुटला होता, म्हणून तुझ्यामागे दुसरा ट्रम्पेट घेऊन उभा असलेला मी पुढे आलो आणि तो गाजलेला तुकडा वाजवला. हे तू सरळ लिहून टाकलंस. तीस वर्षं मी अवाक्षर काढलं नाही. तेवढं एकच गुपित माझ्या मालकीचं होतं रे! आता लोक म्हणणार, काय दिलदार माणूस! म्हणजे वाजवलं मी आणि वाहवा पुन्हा तुझीच.

पुढचं वाक्य तर कहर आहे. 'दादाने तुकडा वाजवला आणि शेवटी सूर फाटला. मला तो इतका आवडला, की जन्मभर मी मुद्दाम तसाच वाजवत आलो.' मला हे ठाऊकच नव्हतं! तुझी नक्कल करणारी पोरं तो सूर घोटत बसतात, आणि तो माझा! छाती फुगली. मग 'फाटला' या शब्दावर डोळा गेला आणि सगळी हवाच गेली.

काल मी तिथे ट खोडून ड केलाय. 'शेवटी सूर फाडला.'

इतकी वर्षं प्रुफं तपासतोय, पण चूक नसलेल्या अक्षराला कधी हात लावला नव्हता. आणि ही चूक नाहीच. माझा दम संपला होता. सूर फाटलाच होता.

नोकऱ्या गेल्या तरी तू कुणासाठी शब्द बदलला नाहीस. माझ्यासाठी एक अक्षर बदलशील? नाही म्हणालास तरी रागावणार नाही. खोटं कशाला बोलू, रागावेन.

तुझा दादा,
दुसरा ट्रम्पेट