सातच्या बातम्या

दि. ३ ऑगस्ट

चि. टिल्लू यास,
अ. उ. आशीर्वाद.

फोनवर तू क्रेनवर चढायच्या घाईत असतोस, आणि इकडे आई मागून कोण आहे, कोण आहे करत राहते. म्हणून सावकाश लिहिते. तिचं विसरणं वाढलंय. काल मला शाळेतल्या बाई समजून छडी खायला हात पुढे केला. मी हसले, आणि मग तोच हात धरून तिला खाटेवर बसवलं.

केबलने पुन्हा दगा दिलाय. पडद्यावर नुसत्या मुंग्या. केबलवाला म्हणतो, वायर उंदराने कुरतडली. त्याचे उंदीर माझ्याच वायरीवर का टपलेले असतात, देव जाणे. टीव्ही चालू असला की आई जागेवर बसते आणि माझे युनिफॉर्म शिवून होतात. बंद पडला की ही गाठोडं बांधून दारात उभी, घरी जायचं म्हणून. दुकानदाराचे शर्ट तसेच पडलेत. थकले रे मी. केबल ठेवू की डिश घेऊ, तेवढं सांग. आणि जमलं तर चार दिवस येऊन जा.

लोभ आहेच, तो पत्रातही दिसू दे.
तुझी ताई

दि. ११ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आईला छडी मारली नाहीस ना? तुझा हात कसा आहे ते मला लहानपणापासून माहीत आहे.

केबलचा नाद सोड. मी इथे मेसमध्ये दोन्ही पाहिलंय. केबलची वायर गल्लीभर लोंबकळते, कुठेही तुटली की सगळ्या गल्लीचे टीव्ही गार. डिशचं आपलं आपल्यापुरतं. गच्चीवर छत्री, खाली डबा, की चित्र आरशासारखं. मोठ्या पावसात थोडा वेळ अडकतं, एवढंच. चॅनेल तर इतके की बदलून बदलून बोट दुखेल. मी इथूनच सांगून टाकलंय, माणूस येऊन बसवून जाईल. माझं येणं मात्र अवघड आहे. जहाजं रांगेत उभी आहेत आणि मुकादम बदलीला माणूस देत नाही. पुढे बघू.

आईला नमस्कार. माझ्यावर फार चिडू नकोस, ही विनंती.
तुझा टिल्लू

दि. २६ ऑगस्ट

चि. टिल्लू यास,
अ. उ. आशीर्वाद.

डिश बसली. चित्र खरंच स्वच्छ आहे. आणि आईने जेवण सोडलंय.

आधी वाटलं दात दुखत असतील, मग वाटलं पोट. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, काही नाही म्हणाल्या. परवा आईच म्हणाली, टिल्लू आला की जेवते, रोज यायचा, हल्ली का येत नाही. तेव्हा माझी ट्यूब पेटली. केबलवाल्याचं स्वतःचं एक चॅनेल होतं. त्यावर सातला इथल्याच बातम्या लागायच्या, पाणी कधी येणार, कोणाचं काय हरवलं. सांगणारा मुलगा डिट्टो तुझ्यासारखा. मोठं कपाळ, बाहेर आलेले कान, बोलताना मान कलती. तो पडद्यावर आला की ही तोंड उघडायची. मला वाटायचं, बातम्यांच्या नादात जेवते. डिशवर ते चॅनेल नाही. मी सगळे पालथे घातले.

केबलवाल्याला परत बोलावलंय, पण तो रुसलाय. आईच्या बांगड्या कोपरापर्यंत जातात, इतकी वाळलीय. तुझं ते ज्ञान आता पुरे. केबल की डिश हे मी निमित्त म्हणून विचारलं होतं, मला तू इथे हवा होतास. तो परका मुलगा रोज यायचा. तुला एकदा येववत नाही? रागाने लिहितेय, पण खरं तेच लिहितेय.

आशीर्वाद आहेत. माया प्रत्यक्ष येऊन घेऊन जा.
तुझी ताई

दि. १४ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे बंदरावर परत सुखरूप पोचलो. मी असतानाच केबलवाल्याने वायर जोडून दिली हे बरं झालं. त्या संध्याकाळी तू स्वयंपाकघरात होतीस, तेव्हाचं सांगायचं राहिलं.

सातला मी मुद्दाम टीव्हीपुढे खुर्ची ओढून बसलो. म्हटलं, आता खरा टिल्लू बघू दे तिला. तर म्हणाली, अहो, जरा बाजूला सरकता का, माझा मुलगा यायचाय. मला अहो म्हणाली. मी सरकलो आणि तिच्या शेजारी बसून भरवलं. पडद्याकडे बघत तिने वाटी संपवली. नंतरही रोज तसंच, माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. फार लागलं ताई. केबल राहू दे. पण मी आलो काय नि न आलो काय, तिला कुठे कळतंय? मुकादमाकडे पुन्हा सुट्टी मागायचं मन होत नाही.

स्वतःला मात्र जप. तूच आहेस आता.
तुझा टिल्लू

दि. २२ सप्टेंबर

चि. टिल्लू यास,
अ. उ. आशीर्वाद.

केबल चालू आहे. मध्ये पुन्हा मुंग्या आल्या, उंदीर तेच. आई जेवते, पण अर्धंच. माझ्या हातचं तिला नको असतं, म्हणते तू घाई करतेस. खोटं नाही, माझा जीव मशीनवर अडकलेला असतो.

काल बातम्या संपल्यावर तिने मला विचारलं, शेजारी बसून भरवायचे ते गृहस्थ परत कधी यायचेत. किती सावकाश भरवायचे, म्हणाली, घास गिळेपर्यंत थांबायचे. आमच्या टिल्लूला सांगायला हवं त्यांच्याबद्दल.

मी म्हटलं, विचारून सांगते. तर विचारतेय. तिला काय सांगू ते लवकर कळव.

वाट बघणारी,
तुझी ताई