सोबतीला रेमोंद असावी

॥ प्रभूची कृपा ॥
पॅरिस, संत मादलेनच्या सणाचा दुसरा दिवस

ती. आईस,
एग्लीनचा शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. उलट्या थांबल्या. इथे सगळं लोण्यात करतात, त्याची सवय अजून होत नाही. तू धाडलेलं ऑलिव्हचं तेल आपली म्हातारी रेमोंद अत्तरासारखं थेंब थेंब वापरते. बाबांचा गुडघा कसा आहे?

आता मुख्य ते लिहिते. माहेराहून राणीबरोबर, म्हणजे माझ्याबरोबर, आलेल्या सगळ्या बायकांना संत मिशेलच्या सणाला परत पाठवायचं, असं राजसभेनं ठरवलं आहे. त्या इथल्या गोष्टी आपल्याकडे प्रोव्हान्सला पोचवतात म्हणे. रेमोंद म्हणाली, शेजारी बसलेल्याचं बोलणं मला दोनदा विचारावं लागतं, मी कसली हेरगिरी करणार! आम्ही सगळ्या हसलो, आणि हसता हसता मला रडूच आलं.

माझे दिवस भरतील ते द्राक्षतोडणी संपता संपता, म्हणजे रेमोंद गेल्यावर. तोवर मला खिडक्या झाकलेल्या खोलीत बसवलेलं असेल आणि भोवती सगळ्या इथल्या बायका. चांगल्या आहेत गं, पण कळा सुरू झाल्यावर मला यांची भाषा सुचायची नाही. सारखी तिबुर्जताई डोळ्यांपुढे येते. महाराजांना सांगून पाहिलं. सभेचा ठराव मोडता येत नाही म्हणाले. सासूबाईंना विचारायची माझी छाती नाही. त्या माझ्याकडे बघतात ते मासळी ताजी आहे की नाही ते बघावं तशा. तू त्यांना काही लिहू नकोस.

तुझी
एग्लीन

॥ प्रभूची कृपा ॥
मोंतोरियो, मरियामातेच्या स्वर्गारोहणाच्या सणाचा आदला दिवस

चि. सौ. एग्लीन हिस
आईचे अनेक आशीर्वाद.

मिठाच्या व्यापाऱ्याबरोबर तुझं पत्र पोचलं. बाबांचा गुडघा शिकारीला निघताना बरा असतो, देवळात गुडघे टेकायची वेळ आली की दुखतो. तुझ्यासाठी बाळंतिणींना सांभाळणाऱ्या संत मार्गारेटपुढे रोज मेणबत्ती लावते. मेण तिच्यासाठी राखून ठेवलं आहे आणि जेवणघरात चरबीचे दिवे लावले आहेत. ताटातल्या मटणापेक्षा दिव्याचाच वास जास्त येतो, अशी बाबांची कुरकुर चालू असते. चालू दे.

तिबुर्जचं आठवू नकोस, असं मी म्हणणार नाही. पहिल्याच बाळंतपणात आपली पोर परक्या मुलखात गेली आणि बर्फ वितळून घाट मोकळा झाल्यावर आपल्याला कळलं. ते मीही विसरले नाही. पण तू ती नव्हेस. रोज थोडं चालत जा, मध खा, थंडगार फरशीवर बसू नकोस.

सासूबाईंना लिहू नको म्हणालीस. आजवर तुझं पुष्कळ ऐकलं, हे ऐकणार नाही. याच माणसाबरोबर त्यांना पत्र आणि खारवलेल्या ऑलिव्हची एक बरणी धाडते आहे. मुलीच्या आईनं पदर पसरला तर कमीपणा येतो, असं तुझे बाबा म्हणतात. येऊ दे कमीपणा.

तुझी
आई

॥ प्रभूची कृपा ॥
पॅरिस, संत मिशेलच्या सणाचा दुसरा दिवस

सौ. विहीणबाई माबील यांसी,
स. न. वि. वि.

पत्र पोचलं. ऑलिव्ह खारट होते, पण संपले.

सभेचा ठराव मला मोडता येत नाही आणि मी तो मोडलेलाही नाही. काल राणीच्या चाकरीतल्या सगळ्या बायका रवाना झाल्या. मात्र ठराव आहे तो राणीच्या बायकांबद्दल. माझ्या चाकरीत कोण असावं याबद्दल त्यात अक्षर नाही. मला लोकर कातायला बाई हवी होती. शनिवारपासून रेमोंद माझ्या पदरी आहे. कातते अगदी वाईट. सभेचे चिटणीस चौकशीला आले होते. माझ्या म्हाताऱ्यांना एकेक करून तपासायचं असेल तर खुशाल तपासा म्हटलं. ते जिन्यावरूनच परतले. तुमच्या या बाईनं माझ्या तोंडावर सांगितलं की आमच्या रश्शाला चव नाही, लसूण घाला. घातला.

मीही या घरात परकीच आले. माझ्या दाईला वेशीवरूनच परत पाठवलं होतं. तेव्हा माझ्यासाठी कोणी पत्र लिहिलं नाही. तुम्ही लिहिलंत, बरं केलंत.

आपली
एरसांद

॥ प्रभूची कृपा ॥
पॅरिस, संत मार्तेनचा सण

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुला नात झाली. दरबारात मुलाची वाट बघत होते, तेव्हा घंटा जरा बेतानंच वाजल्या. मी आणि बाळ दोघी सुखरूप आहोत.

फार वेळ लागला, आई. मध्ये एकदा वाटलं की संपलं. रेमोंद संत मार्गारेटची कथा आपल्या बोलीत सांगत होती. अर्धी विसरलेली, मधलं सगळं तिच्या मनचं. मार्गारेटला गिळणाऱ्या त्या अजगराला तिनं आपल्या गावच्या जकातदाराचं नाव दिलं आणि मला तशातही हसू आलं. सासूबाई देवळात जायचं म्हणून उठल्या होत्या, त्या गेल्याच नाहीत. पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसून त्यांनी माझा हात धरला. मी ओठ दाबून सोसत होते, तर म्हणाल्या, "ओरड बाई. दाराबाहेरच्यांना काय वाटेल ते मी बघते." मग मी जी ओरडले!

पोरीला सासूबाईंनी मांडीवर घेतलं. नुसत्या तिची बोटं उलगडत बसल्या होत्या.

तुझी
एग्लीन

॥ प्रभूची कृपा ॥
मोंतोरियो, नाताळाच्या आधीचा रविवार

आदरणीय विहीणबाई,
माबीलचा कृतज्ञतापूर्वक नमस्कार वि. वि.

एग्लीनचं पत्र इथल्या पाद्रीबाबांनी सगळ्यांसमोर वाचलं. ह्यांनी डोळ्यांत धूर गेल्याचं सांगितलं. चूल पेटलेली नव्हती. मी देवाचे आभार मानले, आता तुमचे मानते. काय पाठवावं सुचेना. थोडा मध आणि स्वतः विणलेली शाल धाडते आहे. रेमोंद तुमच्याकडेच राहू द्या. तिच्या कातण्याबद्दल मात्र माफी असावी.

एक सांगायचं राहिलं. माझी थोरली गेली तेव्हा तिच्या उशाशी कोण होतं, तिचा हात कोणी धरला होता का, हे मला आजतागायत ठाऊक नाही. विचारायचा धीर झाला नाही. रोज प्रार्थनेला बसले की तेच मनात येतं. धाकटीचं मात्र मला ठाऊक आहे. तिचा एक हात रेमोंदच्या हातात होता, दुसरा तुमच्या.

मुलगी तुमची आहे. आमच्यावर लोभ करता तो असाच राहू द्यावा.

तुमची
माबील