माझ्या वाटची गोळी

२४ ऑगस्ट २०२५

तिसरी तार धरली! एकदाची! विमानवाहू जहाजावर उतरताना शेपटीखालचा हूक डेकवरच्या तारेत अडकवावा लागतो. नाही अडकला तर सरळ समुद्रात. तीन महिने मी समुद्रातच उतरतोय. आज हूक असा बसला की खुर्चीत मीच पुढं गेलो. कम्प्युटरवरचा खेळ आहे, कळतं मला. तरी एकट्यानंच टाळ्या वाजवल्या.

हेडफोनमध्ये बिरदेव ओरडला, "आयला धरण्या! जमलं की रं तुला!"

धरण्या! खेळात मी हेच नाव लावलंय. माझा शाळासोबती आकाराम गेल्यापासून या नावानं हाक मारणारं सांगलीत कुणी उरलं नाही. हळदीच्या पेठेत मी धरणेंद्रशेठ, गल्लीत काका, ब्राह्मीचा बाबा. त्रिशला तर शेवटपर्यंत 'अहो'च म्हणाली. तिला जाऊन तीन वर्षं झाली. हा कम्प्युटर जावयानं टाकून दिलेला. म्हटलं, बघू चालू होतो का. झाला, आणि त्यात हा बिरदेव भेटला.

२६ ऑगस्ट

आज बिरदेव म्हणतो कसा — "लग्नाचं काय बघितलंस का न्हाई? का नुसती इमानंच उडवत बसणार?" मी म्हटलं, घरचे बघतायत. काय हे! एकसष्ट वर्षांचा माणूस मी! पण माझा आवाज मुळातच बारीक, त्याला वाटतं तिशीतला असेन. तो सव्वीसचा. आटपाडीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान, घरी मेंढरं. समुद्र अजून बघितलेला नाही, म्हणतो. आणि जहाजावर असा उतरतो की मी बघतच राहतो.

त्याला कळलं मी त्याच्या बापाएवढा, तर झालंच. दुसऱ्या दिवसापासून 'आवं' सुरू. ज्याला 'आवं' म्हणायचं त्याच्याबरोबर कोण रोज संध्याकाळी टवाळक्या करत बसतंय?

२८ ऑगस्ट

आम्हा जैनांचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व सुरू झालं. सकाळी बस्तीत देवदर्शन झाल्यावर मुनी महाराजांपुढं सगळे नियम घेत होते. कुणी मीठ सोडलं, कुणी हिरवी भाजी. माझी पाळी आली आणि तोंडातून निघून गेलं, "दहा दिवस मनानंसुद्धा कुणाला मारणार नाही." महाराज हसले. मीही खूश. घरी येऊन कम्प्युटर दिसला तेव्हा कळलं आपण काय बोलून बसलोय!

मग खेळच बंद ठेवावा? पण संध्याकाळी करायचं काय? जेवण दिवस मावळायच्या आत उरकलेलं. भांडी घासून झालेली. टीव्हीवर माणसं भांडतायत. नाही जमायचं. ठरवलं — उडायचं, पण गोळी झाडायची नाही. नियम तर नियम. बिरदेवला सांगायचं नाही. कसला नियम, कसलं पर्व, घरात कोण कोण — एकातून एक निघत जाईल आणि वय बाहेर पडेल.

२९ ऑगस्ट

जमतंय. तो मारतो, मी मागं राहतो. "हात आखडलाय का रं?" म्हणाला. नेम चुकतोय म्हटलं.

३१ ऑगस्ट

वाईट झालं. लय वाईट.

आमच्या मोहिमेत पायलट मेला की त्याचं सगळं पहिल्यापासून. बिरदेव मार्चपासून एकदाही मेला नव्हता. दुकानातल्या गिऱ्हाइकांनासुद्धा सांगायचा म्हणे!

परत येत होतो. त्याची मिसाईलं संपलेली, इंधन तळाला. जहाज समोर दिसत होतं. चाकं खाली, हूक खाली — अशा वेळी लढाऊ विमान म्हणजे उसानं भरलेली बैलगाडी. वळत नाही, पळत नाही. तेवढ्यात त्याच्या मागं शत्रूचं एक विमान लागलं. त्याच्या मागं मी. नेम बसला. कानात तो लांबलचक सूर सुरू झाला, म्हणजे आता फक्त बटण दाबायचं.

"धरण्या, मार रं!"

बोट बटणावर होतं. पण डोळ्यांपुढं महाराज.

"अरं मार की! मेलो की रं मी!"

नाही दाबलं.

जहाजाच्या अगदी शेजारी जळत पडला तो. मग हळूच विचारलं, "नेम बसला हुता का न्हाई तुजा?"

बसला होता, म्हटलं. तिथं खोटं बोलवेना.

"बरं," म्हणाला. आणि गेला. शिवी तरी द्यायची होती!

रडलो मी. खेळासाठी, या वयात. कुणाला सांगण्यासारखंही नाही.

१ सप्टेंबर

आला नाही.

२ सप्टेंबर

आला नाही. मेसेज टाकला, 'अरे, ये की.' बघितला, उत्तर नाही. एकटाच उडालो. खाली एवढा मोठा समुद्र, त्यात एक जहाज, आणि कानात कुणी नाही. न उतरताच बंद केलं.

४ सप्टेंबर

ब्राह्मीचा पुण्याहून फोन. "बाबा, पर्वात तरी तो मारामारीचा खेळ नको हं." मारामारी करत नाही गं बाई, म्हटलं, मी नुसता बघत बसतो माणसं मरताना! जरा जोरातच बोललो. ती एवढंच म्हणाली, जेवलात का? पोरीचा काय दोष? राग माझाच मला आलेला.

खरं म्हणजे राग नियमाचा नाहीच. नियम पाळला, बरंच केलं. पण वय लपवायसाठी जोडीदाराला अंधारात ठेवलं. ते कुठल्या पर्वात बसतं?

८ सप्टेंबर

क्षमावाणी. सकाळपासून फोनवर हात जोडलेली चित्रं येतायत. 'उत्तम क्षमा.' ज्यांच्याशी वर्षभरात एक शब्द बोललो नाही ते माझी माफी मागतायत, मी त्यांची! आणि ज्याचं खरंच वाईट केलं तो आटपाडीत. उठलो, एसटी धरली, विट्यावरून गेलो.

तो सांगायचा तसं स्टँडपुढंच दुकान. एक काळासावळा पोरगा मान खाली घालून मोबाईल उघडत होता. बिरदेव का, विचारलं.

"व्हय. काय झालंय मोबाईलला, आजोबा?"

"मी धरण्या."

पोरगं उभंच राहिलं. मग स्टूल पुसलं. मागं ओरडलं, "आयं, च्या टाक!" त्याची आई, हरणाबाई, डोकं झाकून बाहेर डोकावली. मी हात जोडले. उत्तम क्षमा, म्हटलं, आणि सगळं सांगितलं. नियमाचं, आणि वयाचंही.

"एवढंच हुतं व्हय?" तो म्हणाला. "आवं, मग सांगायचं न्हाई का? तुमच्या वाटची गोळी मी झाडली असती! मी आपला घोकत बसलोय, आपलं काय चुकलं म्हणून ह्यानं आपल्याला मरू दिलं."

म्हणजे तोही तिकडं एकटाच कुढत बसला होता. याचा मी विचारच केला नव्हता.

चहा झाला. पाया पडला. स्टँडवर आला आणि कंडक्टरला सांगितलं, "काकांना बसायला जागा द्या." माफी मिळाली. पण तो परत धरण्या काही म्हणणार नाही. खिडकीकडं तोंड करून बसलो सांगलीपर्यंत.

९ सप्टेंबर

त्याचा मेसेज. 'नीट पोचलात का? तब्येतीची काळजी घ्या.' तब्येतीची!

१० सप्टेंबर

संध्याकाळी बस्तीत जाऊन बसलो. कम्प्युटरवर चादर टाकली आहे.

११ सप्टेंबर

राहवलं नाही. चादर काढली, नुसतं बघावं म्हणून हेडफोन घातला.

"ए म्हाताऱ्या! कुठं मेला हुतास रं? तीन दिस झालं वाट बघतोय. चल, पहिल्यापास्नं सुरू करायचंय!"