ऐकायला बसलेला न्हावी

प्रिय शिनपेई,

या आठवड्यात रोज सकाळी दुकान बंद ठेवून मी शाळेत जात होतो. हसू नकोस! दुसरीच्या वर्गात पाढे चाललेत आणि साकुमा बाईंनी गावातल्या आम्हा म्हाताऱ्यांना ते ऐकायला बोलावलं होतं. मुलाने समोर उभं राहून पाढा म्हणायचा, आपण कार्डावर शिक्का मारायचा. नियम एकच, ऐकणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. एक्केचाळीस वर्षं कात्री आणि जीभ बरोबरच चालवलेल्या न्हाव्याला हा नियम! तुझी आई असती तर पोट धरून हसली असती.

सोमवारी व्हरांड्यातल्या एवढ्याशा खुर्चीत कसाबसा मावलो. सतरा मुलं. त्यात कोतोहा नावाची एक बारकी पोरगी. तिचे बाकी सगळे शिक्के झालेले, सातचा तेवढा राहिलेला. शुक्रवारी आईबाप वर्ग बघायला येणार, भिंतीवर सगळ्यांची कार्डं लागणार, आणि हिचंच एक घर रिकामं. आली, सात पंचे पस्तीसपर्यंत धडधडत गेली आणि थांबली. मला कुठलं राहवतंय! "बेचाळीस!" म्हणून मोकळा झालो. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिच्या ताटातला घास उचलला. परत रांगेच्या शेवटी गेली बिचारी. साकुमा बाई म्हणाल्या, "आजोबा, आज तुम्ही नापास."

मंगळवारी तोंड घट्ट मिटून बसलो, तर माझ्यापुढे ही मोठी रांग, दुसऱ्या आजीबाई मोकळ्याच. नंतर कळलं, माझे ओठ आपोआप हलतात आणि कारटी त्यावरून उत्तरं वाचतात! बाईंनी मला मास्क लावला. पण कोतोहा त्या दिवशी माझ्यापुढे आलीच नाही. बुधवारी मुलांबरोबर शाळेतच जेवलो. तिथे मुलंच पाळीपाळीने वाढतात, त्या दिवशी पाळी तिची होती, पांढरी टोपी घालून तिने माझ्या वाटीत सूप वाढलं आणि हळूच म्हणाली, "आजोबा, मला येतं हो. तुम्ही घाई करता." मेल्याहून मेल्यासारखं झालं रे मला.

गुरुवारी ती आपणहून माझ्यापुढे उभी राहिली. सात सकला थांबली. मी दोन्ही हात मांडीखाली दाबले. मागची पोरं कुजबुजायला लागली, शेवटी मधल्या सुट्टीची घंटा झाली, तरी ती उभीच आणि मी बसलेलाच. ती अडली नव्हती, शिनपेई. मनातल्या मनात पहिल्यापासून मोजत येत होती. मग "बेचाळीस" म्हणाली आणि शेवटच्या त्रेसष्टपर्यंत एका दमात गेली. मी शिक्का उलटा मारला. ती म्हणाली, "असू दे, चालेल." शुक्रवारी तिचं कार्ड भिंतीवर होतं. आठवडा फार छान गेला.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. ऑगस्टमध्ये आईच्या समाधीवर पाणी घालताना तू म्हणालास, "बाबा, मला तुम्हाला एक..." आणि थांबलास. मी लगेच म्हणालो, "दुकानाचंच ना? सोड रे, दुकान मी बघतो." तू मान डोलावलीस आणि स्टेशनपर्यंत गप्प राहिलास. मी मात्र मुलाच्या मनातलं ओळखलं म्हणून खूश. ते दुकानाचं नव्हतं, हे मला गुरुवारी कळलं. लहानपणापासून तुझी किती वाक्यं मी अशी तोडली असतील, देव जाणे. माझं चुकलं. जे असेल ते सांग, मला आवडणारं नसलं तरी सांग. रविवारी दुकान बंद असतं, तेव्हा फोन कर. आणि पलीकडून काहीच ऐकू आलं नाही तर लाइन तुटली असं समजून ठेवून देऊ नकोस. मी तिथेच असेन.

तुझेच, फार उशिरा ऐकायला शिकलेले,
बाबा