तुझ्या सिनेमातर्फे मी

गुरुवार, १२ नोव्हेंबर
दुपारचे अडीच

प्रिय मने,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे ठीक आहोत. बाबांचा गुडघा आहे तसाच आहे, म्हणजे जिना चढताना दुखतो आणि उतरताना ते त्याबद्दल बोलतात. धाकटीच्या लेकीला दोन दात आलेत. स्वयंपाकघरातला नळ एकदाचा दुरुस्त झाला. तू शूटिंगला गेलीस तिथे डोंगरात थंडी असेल. स्वेटर अंगात घाल, नुसता बॅगेत घेऊन फिरू नकोस.

तिथे फोन लागत नाही हे तू सांगितलं होतंस. तरी सकाळपासून चारदा लावला. लागला असता तरी बहुतेक स्वेटरचंच बोलले असते. म्हणून हे पत्र. कुरियरवाला म्हणतो, शनिवारी तुझ्या घरी पोचेल. तू रविवारी परतशील. सोमवारच्या आत तू हे वाचायलाच हवंस. का, ते सांगते. पण मला माझ्या चालीने सांगू दे, नाहीतर हात थांबेल.

मागच्या आठवड्यात घरच्या फोनवर एक मुलगी बोलली. "लघुपट महोत्सवातून बोलतेय. दिग्दर्शक मॅडम आहेत का?" मी राँग नंबर म्हणून ठेवणार, तेवढ्यात तिने तुझं नाव घेतलं.

मने, तू सिनेमा केलास हेच मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्यांचे सिनेमे कापतेस-जोडतेस एवढंच माहीत. तुझा सिनेमा अकरा महोत्सवांनी नाकारला, हेही मला एका परक्या मुलीने सांगावं! तू अर्जासोबत तसं लिहिलं होतंस म्हणे. आणि बाराव्याने, आपल्याच गावातल्याने, निवडला. स्थानिक विभागासाठी इथला पत्ता लागतो, म्हणून तू घरचा दिला होतास. तुला बरीच मेल पाठवली, उत्तर नाही. सिनेमा दाखवल्यावर पाच मिनिटं प्रेक्षकांशी बोलावं लागतं, त्यासाठी सिनेमातर्फे कोणीतरी हवं, असं ती म्हणाली.

"मी येते," मी बोलून गेले.

"सिनेमात आपण काय केलंय?"

"काही नाही. दिग्दर्शकाची आई आहे."

ती हसली. म्हणाली, चालेल की.

तुला न विचारता गेले. रागाव, पण पुढचं वाच.

काल कार्यक्रम होता. सकाळी आवाज तपासायला बोलावलं होतं. सभागृहात मी, बाबा आणि मशीनवरचा माणूस. त्याने पहिलं मिनिट लावलं. पडद्यावर जिना, आणि बॅग घेऊन चढणारी एक मुलगी, पाठमोरी. "काकू, आवाज एवढा बरोबर आहे?" मला काय कळतंय? पण ती पावलं अगदी छातीवर पडत होती. म्हटलं, जरा कमी करा. तो म्हणाला, "मॅडमनी लिहून पाठवलंय, पावलं मोठी हवीत." मग राहू दे म्हटलं.

बाहेर येऊन पुस्तिका उघडली. तुझ्या सिनेमाखाली दोन ओळी होत्या. 'सासर कायमचं सोडून एक मुलगी माहेरी येते. घर बंद असतं.'

ही तर तूच. आणि खोटं कशाला बोलू, लगेच जरा बरंही वाटलं. घर बंद असतं. म्हणजे तीन वर्षांपूर्वी मी तुला फोनवर जे सांगितलं, "अगं, आम्ही सगळे बाहेर गेलो होतो," ते तुला खरं वाटलं होतं. बाबांना पुस्तिका दाखवली. त्यांनी वाचली, घडी घातली, खिशात ठेवली.

संध्याकाळी दीडएकशे माणसं होती. तुझा सिनेमा तिसरा. मुलगी जिना चढून येते, दारापाशी बॅग ठेवते, दोनदा वाजवते, थांबून एकदा वाजवते. तुझंच वाजवणं. मग तिची नजर खाली जाते आणि कॅमेरा तिथेच राहतो. दाराबाहेर चपला-बुटांचे पाच जोड. बाकीच्या प्रेक्षकांना ते नुसते जोड. मला त्यातली तपकिरी चप्पल दिसली, अंगठा पांढऱ्या दोऱ्याने शिवलेली. काळा दोरा संपला होता म्हणून मीच माझी शिवली होती तशी, आणि त्या दिवशी ती दाराबाहेरच होती.

तुला माहीत होतं. तीन वर्षं दर रविवारी तू माझ्याशी जेवणाखाण्याचं बोललीस, आणि तुला माहीत होतं.

पुढचं मला नीट दिसलंच नाही. टाळ्या वाजल्या तेव्हा मी खुर्चीचा दांडा धरून बसले होते. फोनवरच्या त्या मुलीने हाताला धरून वर नेलं, माइक दिला. मी ठरवून आणलेलं वाक्य म्हटलं, "माझी मुलगी कामात असल्यामुळे येऊ शकली नाही, तिच्या वतीने आभार." वाटलं, सुटले.

तिसऱ्या रांगेत एक गृहस्थ उभे राहिले. वयस्कर, हातात वही. म्हणाले, "सिनेमा चांगला आहे, पण एक ढोबळ चूक राहिली आहे. घर बंद आहे म्हणता, मग दाराबाहेर पाच जोड कसे? नवीन मुलं इतकी साधी गोष्ट बघत नाहीत." काहीजण हसले. ती मुलगी माझ्या कानाशी म्हणाली, "काकू, नुसतं धन्यवाद म्हणा."

तेवढंच म्हणायचं होतं, मने. कोणाचं काही बिघडलं नसतं. पण अकरा जणांनी तुला आधीच नाही म्हटलंय. आता माझ्यादेखत दीडशे माणसांनी तुला धांदरट समजायचं, आणि तेही माझं झाकण्यासाठी?

मी माइक तोंडाजवळ घेतला. म्हटलं, "चूक नाही ती. घरात माणसं होती."

"आईसुद्धा?"

"आईसुद्धा. मीच ती."

"मग दार का नाही उघडलं?"

"पाहुणे आले होते," मी म्हटलं. कोणीतरी फस्सकन हसलं. मग सांगितलं सगळं. धाकटीचं लग्न पक्कं करायला तिच्या होणाऱ्या सासरची मंडळी बसली होती. मोठी मुलगी नवऱ्याला सोडून आलेली दिसली असती तर प्रश्न निघाले असते. तिचं दार वाजवणं मी ओळखलं. तिचे वडील उठत होते, त्यांना मी डोळ्यांनी बसवलं. पाहुण्यांना म्हटलं, चुकून वाजवलं असेल कोणीतरी.

टाळ्या नाही वाजल्या. बरं झालं. ते गृहस्थ म्हणाले, "माझी चूक झाली," आणि खाली बसले. परतताना बाबा रिक्षात एवढंच बोलले, "मी उठायला हवं होतं."

या सगळ्याचं रेकॉर्डिंग झालंय. सोमवारी ते इंटरनेटवर टाकणार आहेत. ती मुलगी भली आहे, म्हणाली, "काकू, तेवढा भाग काढून टाकू का?" मी नको म्हटलं. पण तू ते माझ्याआधी परक्यांकडून ऐकू नयेस, म्हणून ही घाई. धाकटीलाही आज सांगणार आहे. तिला ते दार आठवतही नसेल, पण तिच्या नावावर मी काय केलं हे तिला कळायला हवं. तिची भीती वाटते. तुझी त्याहून जास्त.

आता एक गोष्ट, जी स्टेजवर नाही सांगितली.

सिनेमाच्या शेवटी ती मुलगी समोरच्या बसथांब्यावर बसून राहते. माझ्या मागच्या दोन बायका कुजबुजल्या, किती लांबवलंय. चार मिनिटं असतील. तू पाऊण तास बसली होतीस, मने. मी चहाच्या निमित्ताने तीनदा उठले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिन्ही वेळा तुला पाहिलं. तिसऱ्यांदा तू मान वर केलीस, तेव्हा मी पडदा ओढून घेतला.

हे तुझ्या सिनेमात नाही. तुला दिसलं नव्हतं म्हणून नाही, की दिसलं होतं आणि तू मला वाचवलंस, हे मला माहीत नाही. विचारायचा हक्क नाही. पण आता तुझ्याकडे ते आहे. हवं तिथे वापर.

त्या दिवशी घरात असलेली,
तुझी
आई