मोटेच्या नाड्याचा झोका

श्रावण शुद्ध द्वितीया, १९६७

ह्यांना एकदाचा मुहूर्त लागला. विहिरीवर मोटर बसल्यापासून मोट ओढायचा जाड नाडा माळ्यावर लोळत पडला होता. म्हटलं, पंचमी तोंडावर आली, पोरांना झोका कधी बांधणार — त्यांना नातवंडं झाल्यावर? तेव्हा कुठं उठले.

शालूनं नाडा हुंगला. 'आये, पाण्याचा वास येतोय,' म्हणाली. खरंच येत होता. मोट ओतल्याचा आवाज आठवला, पाटाचं गार पाणी, त्यात उड्या मारणारी शालू. तापात तिचा पाय लुळा पडला, त्याच्या आधीची गोष्ट.

तृतीया

चिंचेला झोका चढला. बसायला फळी कसली, तर आत्याबाईंचा जेवायचा पाट! पाय काढून टाकले त्याचे. आत्याबाई दिवसभर लेकावर तणतणतायत — 'आता मी भुईवर बसून जेवू व्हय रं?'

झोका उंच झालाय, फळी शालूच्या छातीला लागते. हे म्हणाले, 'ये, उचलून बसवतो.' तिनं मान फिरवली. गेल्या पंचमीलाही असंच. सगळ्या पोरींच्या बांगड्या ओच्यात घेऊन चिंचेखाली बसून राहिली. भीत असेल. मी जोर केला नाही.

चतुर्थी

गल्लीतली पोरं एकदम पाच-पाच बसतात. भुरभुर पावसातही कुर्र, कुर्र चालूच. चुलीपुढं मीच झुलतेय असं वाटत होतं. भाकरी करपली.

पंचमी

पोरांच्या भारानं नाडा ताणला जाऊन फळी पार खाली आली. मोठ्या पोरींचे पाय भुईला घासतात, कुरकुरत घरी गेल्या. गाठी भिजून दगड झाल्यात. त्या कापून झोका वर बांधायला हे विळा घेऊन निघाले, तर आत्याबाई दारात आडव्या. 'आज नागाचा दिस हाय. कापाकापी करायची न्हाई.' सणाचा झोका रिकामा. मला त्यांचा लय राग आला.

दुपारी पुरणाची दिंडं वाफवत होते. कुर्र, कुर्र ऐकू आलं. बघते तर शालू! काठी बुंध्याला टेकवलेली, चांगल्या पायानं भुईला रेटा देतेय, डोळे मिटलेले. मी धावले. म्हणाली, 'हात लावू नगं. माझी मी बसलेय.'

म्हणजे भीती नव्हतीच पोरीला. मी उंबऱ्यावर बसून रडून घेतलं.

षष्ठी

आज कापायला चालतं. पण सकाळपासून विळा सापडत नाही. आत्याबाई घोंगड्यावर बसून आहेत, काही केल्या उठत नाहीत.