मार्थाच्या श्वासाची बाटली

शिरूर, बुधवार, १२ फेब्रुवारी १९५८

आज दौंडच्या इस्पितळात बायकोला बघून आलो. मार्थाचा फुप्फुसाचा आजार दुसऱ्याला लागणारा, म्हणून मला दारातूनच बोलू देतात. डॉक्टरांना विचारले, हिच्या आतली वाईट हवा तरी नीट बाहेर पडते ना? ते म्हणाले, "ती रक्तातून फुप्फुसाच्या पातळ पडद्यापलीकडे सहज जाते. अडते ती चांगली हवा, आत येताना."

माझी समजूत पटेना. मग नर्सबाईंनी चुन्याची निवळी बाटलीत घेऊन मार्थाला नळीने फुंकायला लावले. पाणी दुधासारखे झाले.

"बघा मामा, वाईट हवेनेच निवळी पांढरी होते. अशी निघते!"

मार्था खाटेवरून हसली. "अहो, न्या की ती घरी. तेवढीच मी शिरूरला येते."

बूच लावून एसटीत मांडीवर धरून आणली. वाईट हवाच ती, कळते मला. पण तिच्या रक्तातून आलेली. आता पांढरा चुना तळाशी बसला आहे. हलवावी का? नको.

घरात प्रार्थना मी करतो, आमेन ती म्हणते. आज प्रार्थना संपली आणि सवयीने थांबलो. बराच वेळ. शेवटी आमेन न म्हणताच उठलो. ते तिचे आहे, तिने येऊन म्हणावे.